वळणावरची आमची जागा

रूट मी काढायचो. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये इंजिनिअर आहेत, वकील आहेत, पेणचा एक दातांचा डॉक्टर आहे, पण कुठून निघायचं, चहा कुठे, पंक्चरवाला कुठे, कुठल्या उतारावर ब्रेक धरायचे आणि कुठल्या उतारावर सोडून द्यायचं, हे मी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा रिवाजच पडून गेला होता. मी रोह्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा माणूस. शिक्षण आयटीआय. चारचौघांत बोलायला उभं केलं तर तत-पप होतं. पण अलिबागपासून म्हसळ्यापर्यंतचा कुठलाही रस्ता विचारा, डोळे मिटून सांगेन.

मोबाईलच्या नकाशावर बोट फिरवून रूट काढणारे लोक माझ्या डोक्यात जातात. नकाशाला काय कळतं हो? वडखळच्या पुढे सकाळी आठनंतर नाकातोंडात धूळ जाते ते नकाशाला कळतं का? कार्लेखिंडीच्या चढावर ट्रकवाला कोपराला घासून जातो ते कळतं? पालीच्या रस्त्याला चतुर्थीच्या दिवशी जायचं नाही, देवाला जाणाऱ्या गाड्या संपत नाहीत. दिघीच्या बाजूला डंपर असतात, ते सकाळी सहाच्या आत आणि रविवारी कमी. हे सगळं मी स्वतः सायकल मारून, लोकांच्या शिव्या खाऊन आणि दोनचार शिव्या देऊन शिकलो. गावागावातून जाताना म्हातारे विचारायचे, "गाडी बंद पडली व्हय रे?" नाही म्हटलं तर आणखी काळजीने बघायचे.

ग्रुपवर मी रूट टाकायचो तेव्हा खाली एकेका टप्प्याची टीप असायची. अमुक पुलावर जोडपट्टी वर आली आहे, उतरून चाला. तमुक वळणावर ओढ्याचं पाणी येतं. लोक ती टीप पोथीसारखी वाचायचे. आता लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला त्याचा केवढा माज होता.

आमच्यात सर होते. किहीमचे. अलिबागच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे, घरची नारळ-सुपारीची वाडी, वय एकावन्न. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. मला नावाने कधी हाक मारली नाही त्यांनी, "काय रूटवाले!" एवढंच. चढावर सर सगळ्यांच्या पुढे. एका लयीत, तोंडाने काहीतरी मोजत मोजत चढायचे. पण उतार आला की सगळ्यांच्या मागे. दोन्ही ब्रेक घट्ट धरून, म्हातारीने जिना उतरावा तसे उतरायचे. आम्ही खाली टपरीवर अर्धा अर्धा कप चहा संपवायचो तरी सरांचा पत्ता नाही. दातांचा डॉक्टर म्हणायचा, "सर, तुमचे ब्रेकपॅड आम्ही वर्गणी काढून आणून देतो." सर हसायचे. म्हणायचे, "चढ माझ्या हातात आहे, उतार दुसऱ्याच्या हातात आहे. मला दुसऱ्याचं गणित येत नाही."

दिवाळीनंतर आमची दोन दिवसांची राईड असायची. दरवर्षी आम्ही आधी आतल्या बाजूने जायचो. रोहा, तळा, मग आमचं गाव, गावाच्या वरचा घाट चढून म्हसळा आणि दिघीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून मुरूड, रेवदंडा करत अलिबाग. त्या वर्षी मी रूट उलटा केला. कारण साधं होतं. सगळ्यांना माझ्या घरी न्याहारीला बोलवायचं होतं, आणि चढाच्या आधी पोटभर भाकरी कोण खाईल? त्यापेक्षा पहिल्या दिवशी समुद्राकडून जा, दिघीला राहा, रविवारी सकाळी म्हसळ्यावरून घाट उतरून थेट माझ्या दारात या. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. सगळे खूश.

त्या घाटाची टीप मी लिहिली ती अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसायचा धीर होत नाही. "डांबर यंदाच नवीन घातलंय, खड्डा एकही नाही. माझ्या गावचा रस्ता आहे, मी जबाबदार. सर, या वेळी ब्रेक सोडा." शेवटी हसणारं तोंड.

आता भाताचं सांगायला हवं. आमच्याकडे पूर्वी प्रत्येकाच्या दारात खळं असायचं. चोपून, शेणाने सारवून केलेलं. भात झोडून झालं की तिथेच उन्हाला पसरायचं. मग घरं सिमेंटची झाली, खळ्याच्या जागी पडवी आली, पडवीत मोटरसायकली आल्या. भाताला ऊन तर लागतंच. तेव्हा गावाने डांबरी रस्ता धरला. डांबर तापतं मस्त, अर्ध्या दिवसात दाणा खडखडीत. रस्त्याच्या एका बाजूला भात पसरायचं आणि गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड लावायचे. नारळाएवढे, थोडे मोठे. संध्याकाळी भात गोळा करून न्यायचं.

दगड मात्र तिथेच राहतात. का, तर जागा जाते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, तसं ते आहे. दगड उचललेत तर सकाळी दुसऱ्याचं भात तिथे पडलेलं असतं, आणि मग भांडण. वरच्या वळणावर घाट दुरुस्त करताना रस्ता रुंद केला, डोंगराच्या आडोशाची बाजू, वारा लागत नाही, ऊन दुपारपर्यंत हलत नाही. अख्ख्या गावाचा डोळा त्या जागेवर. चार वर्षं ती आमच्या आईने राखली होती. आई सत्तरीची आहे, पण जागेसाठी ती कुणाशीही कमरेला पदर खोचून भांडते.

आणि मजा बघा. हेच दगड दुसऱ्या गावात सायकलच्या आड आले की मी आई-बहिणीवरून शिव्या घालायचो. "यांच्या बापाचा रस्ता आहे का?" म्हणून उतरून, लाथेने दगड बाजूला केलेत मी. माझ्या टिपांमध्ये तर ते ठळक असायचं, "भातकापणीचे दिवस, रस्त्यात दगड असतील, जपून." प्रत्येक गावासाठी लिहिलं. माझ्या गावासाठी नाही लिहिलं. कारण ते दगड नव्हतेच माझ्या लेखी. ती आमची जागा होती.

शनिवारी मी राईडला गेलो नाही, सुट्टी काढून गावी होतो. दिवसभर आईबरोबर वळणावर भात घातलं. दगड मीच लावले, सात. संध्याकाळी पोती घरात टाकली. आई म्हणाली, "दगड ऱ्हाऊ दे, उद्या परत येयाचंच हाय." मी म्हटलं, हो. त्या वेळी माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची राईड होती, नव्हती असं नाही. मी हिशेबही केला होता. ही मंडळी साडेआठला उतरतील, दव वाळून भात पसरायला दहा वाजतात, म्हणजे रस्ता मोकळा. भाताचा विचार केला. दगडांचा केला नाही. आयुष्यभर त्या चढाने सायकल वर नेलेली, चढाला ताशी आठच्या वेगाने दगड दिसतो, आपण बाजूने जातो. उतरताना तेच वळण आंधळं आहे, डोंगर डाव्या हाताला आडवा येतो आणि त्याच्या मागे काय आहे ते कळतच नाही. मी, रूटवाला, जबाबदार.

रविवारी सव्वाआठला डॉक्टरचा फोन आला की घाटमाथ्यावर पोचलो, धुकं छान आहे, फोटो काढतोय, सर पुढे निघालेत. मला हसू आलं. म्हटलं सरांना उशीर लागणार म्हणून आधी निघाले असतील. आईला सांगितलं, तवा टाक.

आवाज आला तो आधी फांदी मोडल्यासारखा वाटला. मग सायकल घसटत गेल्याचा पत्र्याचा आवाज. मी अनवाणी धावलो. वळणावर पोचलो तर सायकल रस्त्याच्या मधोमध, पुढचं चाक द्रोणासारखं वाकलेलं, आणि सर रस्त्याखालच्या ओढ्याच्या मोरीच्या कठड्याला लागून पाठीवर पडलेले. रक्त फार नव्हतं. डोळे उघडे होते. मला ओळखलं त्यांनी. म्हणाले, "रूटवाले, माझे पाय कुठे गेले बघ रे."

पाय तिथेच होते. मी हाताने दाबून दाखवले, "हे काय सर, हे काय." ते आभाळाकडे बघत परत तेच विचारत राहिले.

मी त्यांचा हात धरून बसलो होतो आणि कानावर एक आवाज येत होता, थप, थोडं थांबून परत थप. मान वळवून बघितलं. आई मागोमाग आली होती. तिने एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ती दगड उचलत होती. एकेक दगड पोटाशी धरून पलीकडे नेत होती आणि खालच्या शेतात टाकत होती. शेवटचा टाकून तिने पदराला हात पुसले, माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "कुनी इचारलं तर म्हन, घसरले. तू गप ऱ्हा." आणि सरांसाठी पाणी आणायला घराकडे गेली.

मला तिचा राग आला नाही. खरं सांगतो, हायसं वाटलं. त्या क्षणी सरांच्या हातात माझा हात होता आणि मला हायसं वाटलं. एवढं मात्र मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

बाकीचे खाली आले. डॉक्टर ओरडला, "मान हलवू नका कोणी!" मग मला विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "घसरले बहुतेक. खडी असेल." खडी कुठे होती? नवीन डांबर, मीच लिहिलं होतं. पण पडलेल्या माणसाच्या आसपास कोणी खडी शोधत नाही. वाकलेलं चाक बघून डॉक्टर म्हणाला, मोरीवर आदळलं. मी म्हटलं, असेल. पोलीस आले तेव्हाही मी हेच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, संपलं. सोपं असतं हो खोटं बोलणं. एकदा बोललं की पुढे आपल्याला काही करावं लागत नाही, लोकच ते वाहून नेतात.

पनवेलच्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं झाली. मणका. कमरेच्या खाली काही नाही, आणि येणारही नाही, हे तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. डोक्याला मार होता, त्यामुळे सरांना घाटमाथ्यापासून पुढचं काहीच आठवत नव्हतं. फोटो काढणाऱ्यांना "मी पुढे होतो" म्हटल्याचं आठवतं, त्यानंतर एकदम हॉस्पिटलचा पंखा.

सरांच्या बायको, आमच्या वहिनी, तालुक्याच्या कचेरीत कामाला. शांत बाई, पण त्या दिवसांत त्यांचा एकच प्रश्न असायचा, आणि तो त्या सरांना माझ्यादेखत विचारायच्या. "इतकी वर्षं ब्रेक धरून उतरलात, त्याच दिवशी कसली हौस आली होती?" सर म्हणायचे, "अगं, याने लिहिलं होतं रस्ता स्वच्छ आहे, म्हणून सोडले ब्रेक. आणि रस्ता स्वच्छच होता की. याचं काही चुकलं नाही. मी पडलो." असं म्हणून माझ्या हातावर थोपटायचे. मला वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. दर रविवारी ठरवायचो. रोह्याहून सायकलने निघायचो, सरांचा हुकूमच होता की मोटरसायकलवर आलास तर दारात उभा करणार नाही. कुंडलिकेच्या कडेने साळाव, पूल ओलांडून रेवदंडा, मग चौलच्या वाड्यांमधून अलिबाग, किहीम. साळावपर्यंत वाक्यं जुळलेली असायची. चौलमध्ये सुपारीच्या सावलीत ती ढिली पडायची. किहीमला पोचेपर्यंत एकच शब्द उरायचा, "सर." आणि सर व्हीलचेअरवर ओटीवर बसून वाट बघत असायचे. "ये, बस. पाणी पी. आता सांग, कुठून कसा आलास." मी सांगायचो. कुठे वारा समोरून होता, कुठे रस्ता खणला आहे. ते डोळे मिटून ऐकायचे, बोटांनी खुर्चीच्या हातावर गिअर बदलायचे. मग मी त्यांच्या पायांचे व्यायाम करून घ्यायचो. गुडघ्यात वाकवायचे, सरळ करायचे, वीस वेळा. घाट चढणाऱ्या पोटऱ्या होत्या त्या. दोन-तीन महिन्यांत गळून गेल्या. पाय हातात धरला की नुसतं वजन लागायचं, जोर कुठेच नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात सरांनी आलेखाचे कागद काढले. सायकलच्या दांड्यावर एक छोटं यंत्र असतं, ते दर सेकंदाला वेग आणि जागा नोंदवतं. ते यंत्र वाचलं होतं. सरांनी त्यातलं शेवटचं मिनिट काढलं आणि वळण कागदावर उतरवलं. कुठल्या सेकंदाला कुठे होतो, किती वेग, वळणाची त्रिज्या किती, ओल्या डांबरावर किती वेग चालतो. मी पट्टी धरायचो, ते रेघ मारायचे. शेवटची नोंद ताशी त्रेचाळीसची, आणि पुढच्या सेकंदाला काही नाही.

"बघ," ते म्हणायचे, "त्रेचाळीस म्हणजे काही भयंकर नाही. या वळणाला पन्नासही चालला असता. लाईनही बरोबर वाटते, बाहेरून आत. मग मी पडलो का? उत्तर चुकलंय हे तर समोर दिसतंय," असं म्हणून पायांकडे बोट दाखवायचे, "पण कुठल्या पायरीला चुकलो ती पायरी सापडत नाही." दर रविवारी नवीन कागद. कधी ठरवायचे की पुढचा ब्रेक जोरात दाबला असणार. कधी ठरवायचे की धुक्याने चष्मा भिजला असणार. कधी म्हणायचे, "वय झालं रे, हात गांगरला." आणि वहिनी आतून म्हणायच्या, "मी तेच म्हणते."

माणूस झुरत चालला होता. पायांमुळे नाही. पाय गेल्याचं त्यांनी तोंड वाकडं न करता सोसलं. त्यांना खात होतं ते हे, की आयुष्यभर जपून चाललेला माणूस, एकदाच चुकला, आणि काय चुकला तेही कळत नाही. शाळेत परत बोलावलं तर जाईनात. म्हणाले, "मुलांना पायऱ्या लिहा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?" आणि ती पायरी माझ्याजवळ होती. मी ती बरोबर घेऊन साळाव, रेवदंडा, चौल करत यायचो आणि तशीच परत घेऊन जायचो.

एकदा आईजवळ विषय काढला. तिने भांडं आपटलं. "आपला काय दोष? रस्त्यावर भात सगळा गाव घालतो. त्यांनी बघून येवाचं न्हाय?" मग थोड्या वेळाने, पाठ फिरवून, "ते जेवतात का नीट? त्यांना काय पोचवू का तांदूळ?" तिने पाच किलो नवा तांदूळ बांधून दिला. तो मी किहीमला नेला. वहिनींनी त्याचा भात केला, सरांनी मिटक्या मारत खाल्ला, "वास काय आहे, वा!" कुठे वाळवलेला तो तांदूळ, हे मला माहीत होतं.

अकरा महिने असे गेले. मग ग्रुपने ठरवलं की यंदाची राईड सरांच्या हस्ते सुरू करायची, आणि नवीन पोरं फार बेफाम उतरतात तर सरांनी दोन शब्द सांगायचे. सर तयार झाले. घरातून बाहेर पडायला तयार झाले म्हणून वहिनीसुद्धा खूश. मी पुढच्या रविवारी गेलो तर त्यांनी भाषण लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवलं. "मुलांनो, माझ्याकडे बघा. मी एक चूक केली. ती कुठली ते मला आजही ठाऊक नाही, पण चूक माझी होती." वाचताना त्यांचा आवाज चिरकला. चष्मा काढून पुसला. "बरं झालंय का रे? आणि हा आलेख मोठा करून घेऊन जाणार आहे. तू बोर्डावर धरशील ना?"

सगळ्या ग्रुपपुढे हा माणूस माझी चूक स्वतःची म्हणून सांगणार होता आणि मी शेजारी आलेख धरून उभा राहणार होतो. मी आलेख पुढ्यात ओढला. पेन्सिल उचलली. मग वळणाच्या आतल्या कडेने सात ठिपके काढले.

"हे काय?"

"सर, इथे दगड होते."

"कसले दगड?"

"भाताचे. भात वाळत घालतात तेव्हा कडेला लावतात ते."

सरांनी चष्मा चढवला. कागद जवळ घेतला. पट्टी लावून आपल्या रेघेपासून ठिपक्यांपर्यंत मोजलं, परत मोजलं. तिसरा ठिपका त्यांच्या रेघेवरच होता. त्यांचे ओठ हलत होते, चढावर हलायचे तसे. मग ते एकदम मोठ्याने ओरडले, "अगं ए! इकडे ये! लवकर ये! लाईन बरोबर होती माझी! वेग बरोबर होता! सगळं बरोबर होतं!" आणि हसायला लागले. अकरा महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कागदावर टिचक्या मारत होते. "हात गांगरला नव्हता रे! काहीच चुकलं नव्हतं!"

वहिनी आतून आल्या, हाताला खोबरं लागलेलं. त्यांनी कागद बघितला, सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आनंदात सरांना जे सुचलं नव्हतं ते बाईंना लगेच सुचलं.

"भाऊजी, दगड कोणाचे?"

"आमचे," मी म्हटलं. "मी लावलेले. आदल्या दिवशी. संध्याकाळी उचलायला हवे होते. जागा जाईल म्हणून नाही उचलले. नंतर, सर पडल्यावर, उचलले."

सरांचं हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं थोडा वेळ, त्याला आता कुठे जायचं ते कळत नसल्यासारखं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या मिनिटापासून."

त्यांनी शेजारची फाईल उघडली. त्यातले कागद एकेक करून टेबलावर ठेवायला लागले, नीट, कडेला कड लावून. "हा फेब्रुवारीतला. हा होळीच्या आधीचा. हा बघ, यात मी चष्मा भिजला असं धरलं होतं." आवाज चढला नव्हता. वर्गात चुकीचं गणित तपासताना लागतो तसाच होता. "दगड राहिले, ते होतं माणसाकडून. माझ्याकडूनही झालं असतं. पण हा कागद मी तुझ्यासमोर काढला. हाही. हाही. तू पट्टी धरलीस. दर रविवारी इथे बसून तू पट्टी धरत होतास."

मी "सर" म्हटलं.

त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि आतल्या खोलीकडे वळवायला गेले. खोलीच्या उंबऱ्यावर लाकडी फळी टाकलेली होती, तिच्या कडेला चाक अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी उठलो. दर रविवारी मीच ती खुर्ची तिथून काढून देत होतो, हात आपोआप पुढे गेला.

"हात लावू नकोस," सर म्हणाले.

वहिनीही जागच्या हलल्या नाहीत. सरांनी चाक मागे घेतलं, पुढे ढकललं, परत अडकलं. दंडाच्या शिरा वर आल्या होत्या, कपाळावर घाम आला होता. चौथ्या की पाचव्या वेळेला खुर्ची फळीवर चढली आणि आत गेली. मी अजून हात अर्धवट पुढे करून उभा होतो. वहिनींनी टेबलावरचे कागद गोळा केले, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आता निघा."